ओलं दुपटं

रुंजीचा डावा हात स्वेटरच्या बाहीत कुठंतरी हरवला होता. आईंनी बाहीच्या तोंडातून आपली दोन बोटं आत घातली, चाचपलं आणि खुराड्यातून पिल्लू काढावं तशी तिची इवलीशी मूठ बाहेर ओढली.

"सापडली गं बाई! पंकज, बघ रे, पाचही बोटं आहेत ना?"

"बोटं आहेत. पोरगी कुठं गेली ते बघ," पंकज आरशासमोर मफलर गुंडाळत म्हणाला.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. मनालीतल्या हॉटेलच्या पलंगावर त्या मांडी घालून बसल्या होत्या आणि त्यांच्यापुढं माझी लेक, नुकती बसायला लागलेली, उशीला टेकवून ठेवलेली. अंगात बनियन, त्यावर थर्मल, त्यावर फ्लॅनेलचं झबलं, त्यावर आईंनी स्वतः विणलेला पिवळा स्वेटर. गळ्यात ओव्याची पुरचुंडी. आणि पलंगावर अजून ढीग होताच: फुगीर लाल जॅकेट, दोन कानटोप्या, लोकरीचे मोजे, हातमोजे, दुपटं, आईंची काश्मिरी शाल.

जळगावचं बिऱ्हाड बर्फात निघालं की असंच होत असावं. आमच्याकडं थंडी म्हणजे काय, तर भरीत पार्टीला शेतात जाताना खांद्यावर टाकायची शाल. ती थंडीसुद्धा आम्हाला आवडते, कारण बाकीचं वर्ष आम्ही तव्यावर काढतो. त्यामुळं हिमाचलला जायचं ठरल्यावर आमची गल्ली कामाला लागली. समोरच्या बऱ्हाटेकाकूंनी त्यांच्या नातवाचं जॅकेट दिलं. फिरकेमावशींनी कानटोपी दिली, वर सांगितलं, "एकावर एक दोन घाला. माझी लेक डेहराडूनला असते, मला माहीत आहे." जो येई तो काहीतरी देई आणि काहीतरी घाबरवून जाई. बॅगेची चेन लावायला पंकजला तिच्यावर बसावं लागलं होतं.

"आई, बास की आता," मी म्हटलं. "तिला हातसुद्धा हलवता येत नाहीये."

"हात कशाला हलवायचे? बर्फ बघायला डोळे पुरतात."

"घामेजेल ती."

"बर्फात घाम?" आई हसल्या. पंकजही हसला. मीही हसले, कारण वाक्य खरंच हसण्यासारखं होतं. खिडकीच्या काचेबाहेर समोरच्या छपरावर रात्रीचा बर्फ पडून होता आणि गिझरचं पाणी बादलीत पडेस्तोवर निवत होतं.

आईंनी दुपट्याची घडी मानेभोवती खोचली आणि लाल जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत ओढली. दोन्ही कानटोप्या चढल्या, वरून जॅकेटची टोपी. आणि सगळ्यांत वरून शाल. शेवटी नाक आणि दोन डोळे उरले. डोळे माझ्याकडं बघत होते. रुंजी रडत नव्हती, फक्त जरा चकित झाल्यासारखी दिसत होती.

"कशी दिसते? लाल पेरू!" आई तिच्या नाकाचा पापा घेऊन म्हणाल्या.

ही सहल खरं तर त्यांचीच. लग्न झाल्यापासून जळगाव, भुसावळ आणि एकदा शेगाव, एवढंच त्यांनी पाहिलेलं. पंकजला रजा मिळाली तेव्हा त्यानं विचारलं, "आई, कुठं जायचं?" तर त्या लाजून म्हणाल्या, "आतापर्यंतचा सगळा बर्फ मी गोळेवाल्याच्या गाडीवर पाहिला रे. एकदा पायाखाली घेऊ दे."

गाडी दारात उभी होती. ड्रायव्हर देवराज, तिथलाच, पातळसा स्वेटर घालून चहा पीत होता. आईंना त्याचीच काळजी वाटली. मला घाटात गाडी लागते, म्हणून मी पुढं बसले. मागं पंकज आणि आई, आईंच्या मांडीवर रुंजी. बसताक्षणी आई म्हणाल्या, "भैया, वो गरम हवा चालू करो. पूरा."

पायाखाली घेण्याजोगा बर्फ डोंगरातल्या बोगद्यापलीकडं होता, आणि बोगद्याच्या अलीकडं गाड्यांची रांग लागली होती. सुट्ट्यांचे दिवस, सगळा देश बर्फ बघायला निघालेला. गाडी चार हात पुढं जाई आणि थांबे. काचा बंद. हीटरची हवा माझ्या गुडघ्यांवर येत होती. मी माझं जॅकेट काढलं, मग स्वेटर काढला. देवराजनं बाह्या वर सरकवल्या आणि आरशात बघत विचारलं, "माताजी, हीटर थोडा कम करूं?"

"नको, नको! रेहने दो. लेकरू है हमारा. बारीक लेकरू!"

पंकज फस्सकन हसला. "आई, बारीक म्हणजे त्याला काय कळणार?"

"कळतं बरोबर. त्याला पण आई असंल."

रुंजी थोडा वेळ कुरकुरली, मग रडली. मी मागं वळून हात पुढं केले. "द्या माझ्याकडं. दूध पाजते."

"पुढं कशी घेशील? तुलाच मळमळू राह्यलं. मी थोपटते ना."

त्यांनी थोपटलं. गुणगुणल्या. रुंजी रडली, थांबली, पुन्हा रडली, आणि मग हळूहळू आवाज बारीक होत गेला.

"बघ, झोपली," आई कुजबुजल्या. "ऊब मिळाली की लेकरू झोपतं."

मला बरं वाटलं. मी डोळे मिटले, पोटातली ढवळ आवरत बसले. रांग सरकत राहिली. एकदा मी विचारलं, "उठली का?" आई म्हणाल्या, "गाढ झोपली. शहाणी आहे गं माझी बाय." आणि मी पुन्हा डोळे मिटले.

बोगदा लांबच लांब होता, पिवळ्या दिव्यांचा. त्यातून बाहेर आलो. सगळं पांढरं. डोंगर, झाडं, छपरं, रस्त्याच्या कडा. ऊन इतकं लख्ख की डोळ्यांना पाणी आलं. देवराजनं गाडी कडेला घेतली. आई उतरल्या. रुंजीला छातीशी धरून त्यांनी एक पाऊल टाकलं, आणि बर्फ त्यांच्या बुटाखाली करकरला.

"अगं माय!" त्या लहान मुलीसारख्या ओरडल्या. "वाजतो गं हा! ऐकलं का? भगरीच्या पोत्यात पाय घातल्यावानी वाजतो!"

पंकजनं फोन काढला. "आई, तिथंच थांब. रुंजीला उठव. हर्षा, तू पण ये."

आईंनी रुंजीला चेहऱ्यासमोर धरलं. "रुंजी, ए बाय, बघ तरी. बर्फ! ऊठ ना गं."

रुंजीचं डोकं मागं कललं.

आईंनी ते हातानं सावरलं. ते बाजूला कललं. 

"किती झोप ही," पंकज फोनमध्ये बघत म्हणाला. "गुदगुल्या कर."

आईंनी तिच्या गालाला बोट लावलं, मग नाकाला. त्यांचा चेहरा बदललेला मी पाहिला. "नाक गार पडलं. हर्षा, गार पडली ही! थंडी बाधली पोरीला!"

मी धावले, म्हणजे बर्फात जेवढं धावता येतं तेवढं. रुंजीचे डोळे अर्धवट उघडे होते आणि त्या फटीतून ती कुठंच बघत नव्हती. ओठ कोरडे. मी तिला हाक मारली. तिच्या पापण्याही हलल्या नाहीत. माझी हाक तिला ऐकू गेली नाही असं त्याआधी कधी झालं नव्हतं. अंघोळीच्या बादलीजवळून मारली तरी ती मान वळवायची.

"गाडीत! गाडीत घे!" पंकज ओरडला. "भैया, हीटर फुल!"

आई स्वतःच्या अंगावरची दुसरी शाल काढून तिच्यावर गुंडाळायला लागल्या होत्या. देवराज डिकीतून घोंगडी घेऊन आला. शेजारच्या गाडीतली एक बाई, आपल्याकडचीच, "अहो, छातीला चोळा, छातीला बाम चोळा!" असं सांगत आली. प्रत्येकाच्या हातात पोरीवर घालायला काही ना काही होतं.

ती बाई छातीला चोळा म्हणाली म्हणून मी कानटोपीच्या खालून, जॅकेटच्या गळ्यातून हात आत सरकवला. मानेपर्यंतच पोचला.

माझा हात भाजला. खरोखर भाजल्यासारखा मी तो बाहेर काढला. तिची मान चुलीवरून उतरवलेल्या भांड्यासारखी तापली होती, आणि खालचं दुपटं ओलं, पिळून काढावं असं.

मी भुसावळची. माझे वडील रेल्वेत, रुळांवर काम करायचे. मे महिन्यात त्यांच्या गँगमधला कुणी ना कुणी आमच्या ओट्यावर आणून निजवलेला असायचा, डोळे असेच अर्धे, ओठ असेच. माझी आई सगळ्यांत आधी मानेखाली हात घालायची आणि एकच वाक्य बोलायची. ते वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं तेव्हा मला माझाच आवाज ओळखू आला नाही.

"हिला ऊन लागलंय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"काय?" पंकज म्हणाला.

"ऊन लागलंय हिला. काढा सगळं."

मी जॅकेटची चेन ओढली. पंकजनं माझं मनगट पकडलं. त्यानं मला त्याआधी किंवा त्यानंतर कधी इतक्या जोरात धरलं नाही. "वेडी झालीस का? चहूकडं बर्फ आहे. उघडी करतेस तिला?"

"सोड."

"हर्षा, मरेल ती!"

"अशीच ठेवली तर मरेल. सोड मला!"

"अहो, त्या बाईला धरा कुणीतरी," शेजारची बाई म्हणाली. "पोरीला उघडं पाडतेय बर्फात. आई आहे का कोण आहे?"

पंकज माझा हात सोडत नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो पूर्ण बरोबर होता, कारण त्याच्या मागं मैलभर बर्फ चमकत होता आणि मी उन्हाच्या गोष्टी करत होते. मला कळलं की मी त्याला पटवू शकणार नाही. तेवढा वेळच नव्हता. मी आईंकडं वळले. त्यांनी रुंजीला घट्ट आवळून धरलं होतं, माझ्यापासून लांब.

"आई, माझं ऐकू नका. फक्त मानेखाली हात घाला. तुमचा हात."

"हिला थंडी..."

"एकदा घाला ना हो आई!"

त्यांनी एका हातानं तिला धरून दुसरा हात आत घातला.

मी त्यांच्याकडं बघत होते. जळगावच्या बाईला ऊन शिकवावं लागत नाही. उन्हात जवळ ठेवायचा कांदा, कैरीचं पन्हं, ओल्या पंच्यांचे पडदे यांवर त्यांनी सगळं आयुष्य काढलेलं. अडचण एवढीच होती की तो शब्द या बर्फात कुणाच्या मनात येणंच शक्य नव्हतं. आता त्यांच्या मनात आला. मग त्या पंकजवर ओरडल्या, असं ओरडताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"सोड तिला! गाडीची दारं उघड सगळी. हीटर बंद कर. पाणी आण, पाणी! बर्फ नको आणू, बर्फानं एकदम धक्का बसंल. बाटलीतलं साधं पाणी."

पुढचं आम्ही दोघींनी केलं. मागच्या सीटवर तिला निजवलं. शाल, टोप्या, जॅकेट, दुपटं. पिवळा स्वेटर डोक्यातून निघेना तेव्हा आईंनी गळ्यापाशी दातानं धागा तोडला आणि स्वतः विणलेला तो स्वेटर टर्रकन उसवला. झबलं, थर्मल. बनियन अंगाला चिकटलेली, ती गळ्यापर्यंत वर सारली. सगळ्यांच्या आत एवढंसं लालबुंद अंग होतं, वाफ निघणारं. खरंच वाफ निघत होती, त्या थंड हवेत तिच्या पोटावरून धूर वर जाताना मी पाहिला.

आईंनी पदर भिजवला, पिळला, काखेत धरला, मानेला धरला, जांघेत धरला. पंकज शालीनं वारा घालत होता आणि मोठ्यानं रडत होता. शेजारची बाई आपल्या बाटलीतलं पाणी पुढं करत होती. कुणीतरी फोननं हे सगळं टिपत होतं. देवराजनं जाऊन तो फोन हातानं खाली केला.

"रुंजी. ए रुंजी. रुंज्या." मी म्हणत होते. दुसरं काही सुचत नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. तिच्या पायाचा अंगठा हलला. मग ओठ वाकडे झाले. मग एक आवाज आला, मांजराचं पिल्लू दाराआड सापडावं तसा, आणि त्यानंतर ती रडली. मी तिला तशीच, ओल्या बनियनसकट, ब्लाऊजच्या आत घेतली. पहिल्यांदा तिला दूध ओढता येईना. मग ओढलं.

आई गाडीच्या पायरीवर खाली बसल्या. बर्फात त्यांचा एक पाय रुतला होता आणि त्यांना त्याचं भान नव्हतं.

देवराजनं गाडी परत फिरवली, काचा निम्म्या उघड्या ठेवून. मनालीतल्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी रुंजीला तपासलं, सलाईन लावलं, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. निघताना त्या म्हणाल्या, तिचं शरीर एवढं लहान आहे की त्याला स्वतःला गार करता येत नाही. वेळेवर कपडे काढले म्हणून ती आहे. त्या हिंदीत बोलत होत्या आणि पंकज मान हलवत होता. आई भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या.

हॉटेलवर आल्यावर पंकज औषधं आणायला खाली गेला. रुंजी पलंगावर एका सुती झबल्यात पाय उडवत पडली होती, हातात चमचा घेऊन. आई तिच्याजवळ गेल्या नाहीत. खोलीच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीत बसून त्या सकाळचे कपडे एकेक करून वाळत टाकत होत्या. दुपटं हातात आलं आणि तिथंच थांबल्या.

"अजून ओलं आहे," त्या म्हणाल्या.

"राहू द्या आई. मी टाकते."

"तेचंही असंच होतं."

"कुणाचं?"

त्यांनी दुपट्यावरून मान वर केली नाही. "पंकजच्या आधी मला एक झालेला. तुला कुणी सांगितलं नसंल. पंकजलाच माहीत नाही. बारसं व्हायचं होतं, नाव नव्हतं ठेवलेलं. पौषातला जन्म, त्या वर्षी थंडी पण अशी पडलेली की केळी करपली. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी होती. दार बंद, खिडकीला गोणपाट. सासूबाई म्हणाल्या, नीट पांघरून घे लेकराला. मी घेतलं. गोधडी घातली, वरून अजून एक घातली. सकाळी उचलला तर..."

रुंजीनं चमचा पलंगाच्या कडेवर आपटला.

"सगळे म्हणले, थंडी बाधली. हिनं नीट पांघरलं नाही, झोपली असंल घोरत. मला पण तसंच वाटलं. कुठूनतरी गोधडी सरकली असंल, माझाच डोळा लागला असंल. पंकजला म्हणून मी कधी उघडा पडू दिला नाही. रात्रीतून दहादा उठायची." त्या दुपट्याची कड बोटांत चुरत होत्या. "पण सरकली नव्हती गं गोधडी. आज आठवलं मला. बर्फात तिच्या मानेखाली हात घातला ना, तेव्हाच आठवलं. मी खोचली होती तशीच होती, दोन्हीकडून. आणि मानेखालचं दुपटं ओलं होतं. चिंब ओलं. मला वाटलं, दूध ओकला असंल."

मी रुंजीशेजारी पलंगाच्या कडेला बसले.

"मग तेला काय झालं असंल, हर्षा?"

त्यांनी आता माझ्याकडं पाहिलं. मघाशी बर्फात मी त्यांना जसं विचारलं होतं तसंच त्या मला विचारत होत्या, आणि माझ्यावाचून दुसरं कुणी नव्हतं.

"मला नाही माहीत, आई," मी म्हटलं. "आता ते कुणालाच नाही कळणार."

त्यांनी दुपटं खुर्चीच्या पाठीवर टाकलं. 

मी रुंजीला उचललं आणि त्यांच्यापाशी नेलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले. "नको. माझ्याकडं नको देऊ. ह्या हातांत नको."

"मला अंघोळ करायची आहे. सकाळपासून अंगाला घामाचा वास येतोय. कुणाकडं देऊ?"

"पंकज येईल ना आत्ता."

"मला आत्ता जायचंय," मी म्हटलं आणि रुंजीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. ठेवलं आणि हात काढून घेतले. रुंजी एका बाजूला कलंडायला लागली. मी हलले नाही. आईंचे हात पाठीमागून आले आणि त्यांनी तिला धरलं.

रुंजीनं चमचा त्यांच्या तोंडात घालायचा प्रयत्न केला.

मी न्हाणीघरात जाऊन कडी लावली. अंगावरचे कपडे तसेच होते. दाराला पाठ लावून उभी राहिले. बाहेरून आईंचा हुंदका आला, घशातच दाबलेला, आणि लगेच थांबला. मी ऐकतेय हे त्यांना ठाऊक होतं.

मी नळ पूर्ण सोडला, खाली रिकामी बादली लावली, आणि ती भरून वाहायला लागली तरी बंद केला नाही.